घराची हमी कोण देतं?

नव्या घराला दुसरा उन्हाळा लागला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच तक्रार ऐकू येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली असते. मागचं दार चौकटीत घासायला लागलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात स्लॅबखाली उमटलेला ओलीचा डाग अजून गेलेला नसतो. मिस्त्रीला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "नवं घर आहे, बसतंय. थोडं फुटणारच." दुकानदार सांगतो, सिमेंट चांगल्या कंपनीचं होतं. इंजिनिअर म्हणतो, नकाशा बरोबर होता. विमा कंपनीच्या मते हे पॉलिसीत बसत नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून जातो.

दहा हजारांचा मोबाइल घेताना आपण काउंटरवरच वॉरंटी विचारतो. वीस लाखांच्या घराला तो प्रश्न कुणी विचारत नाही. घराला एकच एक हमी नसते, हे त्याचं एक कारण आहे. कपाटातल्या फायलीत वेगवेगळ्या लोकांनी दिलेले वेगवेगळे शब्द असतात. फ्लॅट असेल तर बिल्डरचा करारनामा, स्वतः बांधलं असेल तर मिस्त्रीशी झालेला ठराव, मोटर-बॅटरी-गिझरची कार्डं, विम्याची पॉलिसी, घरकुल असेल तर मंजुरीचा आदेश. प्रत्येकाची हद्द वेगळी, मुदत वेगळी, अटी वेगळ्या. नुकसान नेमकं दोन हद्दींच्या मधे होतं आणि घरमालक एकटा पडतो. म्हणून ही फाइल एकदा शांतपणे उघडून कोणता कागद काय झाकतो आणि काय उघडं ठेवतो, ते पाहायला हवं.

जमीन कुणाच्याच हमीत नाही

सुरुवात जमिनीपासून करू, कारण बीडमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पायाखाली सापडतं. जिल्ह्याचे अकरा तालुके आणि जमिनीच्या तऱ्हा अनेक. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडे बालाघाटाच्या माथ्यावर माती उथळ. थोडं खणलं की मुरूम, त्याखाली खडक. गेवराई, माजलगावच्या गंगथडीत मात्र गोदावरीने आणून टाकलेली खोल काळी माती. कापसाला ती सोन्यासारखी, घराला मात्र अवघड.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तीच हालचाल घराच्या पायाखालीही चालू असते. घराच्या कडेची माती उन्हाने सुकते, मधली ओलसर राहते. न्हाणीचं पाणी एका बाजूला मुरतं, दुसरी बाजू कोरडी पडते. पाया सगळीकडे सारखा हलला तर फार बिघडत नाही. एक कोपरा वर आणि दुसरा खाली गेला की भिंत तिरपी फुटते.

यावर उपाय आहेत आणि ते नवेही नाहीत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. खाली कंदासारखा फुगवटा असलेले हे खांब मातीची हालचाल होते त्या थराच्या खाली जाऊन बसतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा जाड थर देण्याची पद्धत अभ्यासातून मांडली. आपल्याकडे काळी माती काढून मुरूम भरतात, पाणी मारून थराथराने धुमसतात, प्लिंथ बीम बांधतात, तेही याच दिशेचं शहाणपण आहे. घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का उतार केला आणि न्हाणीचं पाणी पायापासून दूर नेलं, तर अर्धं काम होतं.

पण जमिनीची हमी कुणी देत नाही. सिमेंट कंपनी सिमेंटची देते, लोखंडाची कंपनी लोखंडाची. विमा कंपनी यातून कशी बाजूला होते ते पुढे येईलच. माती तपासून पाया ठरवणं ही घरमालकाने स्वतःला द्यायची हमी आहे. ती चुकली तर नंतरच्या कुठल्याही कागदाने पुरती भरून निघत नाही.

बिल्डरची पाच वर्षं

सगळ्यात भक्कम हमी फ्लॅट किंवा रो-हाउस घेणाऱ्याला मिळते, आणि ती कायद्याने मिळते. २०१६ चा रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतला दोष, कामातली कसूर, दर्जातली किंवा सेवासुविधांतली उणीव खरेदीदाराने लक्षात आणून दिली, तर बिल्डरने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता, ती दुरुस्त करायची. केली नाही तर भरपाई द्यायची.

कलमातला प्रत्येक शब्द उपयोगाचा आहे. फक्त कॉलम-बीमचे दोष यात येतात असा गैरसमज सर्रास आहे. गळकं टॉयलेट, पोकळ वाजणारी फरशी, भिंतीतून पाझरणारी पाइपलाइन, ठरलेली पण न मिळालेली लिफ्टची सोय, हे सगळं 'कामातली कसूर' किंवा 'सेवासुविधांतली उणीव' यांत बसू शकतं. मुदत मोजायची ती ताब्याच्या तारखेपासून, करार नोंदवल्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणून ताबापत्रावरची तारीख खरी आहे ना, हे सही करण्याआधी बघावं. दोष पाच वर्षांत 'लक्षात आणून' द्यायचा असतो. तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध होत नाही. नोंदणीकृत स्पीड पोस्ट किंवा ई-मेल हवा.

ही हमी काय झाकत नाही? तुम्ही स्वतः भिंत पाडली, टॉयलेट उखडून नव्या फरश्या घातल्या, नळाच्या लाइनी बदलल्या, तर अनेक करारनाम्यांप्रमाणे त्या भागाची जबाबदारी बिल्डरवरून जाते. वापराने होणारी झीज आणि प्लॅस्टरवरच्या केसाएवढ्या रेघाही बहुतेक करारांत वगळलेल्या असतात. त्यामुळे ताबा घेतल्या घेतल्या इंटेरिअरवाल्याला आत सोडण्याची घाई करू नये. एक पावसाळा घर जसं आहे तसं राहू द्या, मग तोडफोड करा.

बीडपुरती एक अडचण वेगळी आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. बीड, अंबाजोगाई, परळीत दोन-तीन मजल्यांच्या छोट्या अपार्टमेंट पुष्कळ आहेत. तिथे फ्लॅट घेणाऱ्याने हात टेकायचं कारण नाही. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्याच्या कलम ७ मध्ये ताब्यापासून तीन वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामातला किंवा साहित्यातला दोष प्रवर्तकाने फुकट दुरुस्त करावा, अशी तरतूद आहे. ग्राहक कायदाही आहेच.

दुसरी गोष्ट पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांसाठी. शिक्षणाला, नोकरीला गेलेल्या मुलांच्या निमित्ताने बीडच्या कितीतरी कुटुंबांनी पुण्याच्या उपनगरांत घरं घेतली आहेत. घर पुण्यात असलं तर तक्रारही पुण्यातच करावी लागते, ही समजूत चुकीची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली. बीडला राहणाऱ्या शिक्षकाला पुण्याच्या बिल्डरविरुद्ध बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. रेरा आणि ग्राहक आयोग या दोन्ही वाटा खरेदीदाराला खुल्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मिस्त्रीचा शब्द

जिल्ह्यातली बहुसंख्य घरं मात्र बिल्डर बांधत नाही, मिस्त्री बांधतो. प्लॉट आपला, कधी गावठाणातला, कधी गुंठेवारीतला. सिमेंट, लोखंड, वाळू आपण आणायची आणि मजुरी चौरस फुटाच्या भावाने द्यायची. नाहीतर मटेरिअलसह ठेका. हिशेब एका वहीत. उचल दिली की वहीत आकडा चढतो, सही क्वचितच होते. घर उभं राहतं ते ओळखीवर आणि विश्वासावर. हा विश्वास मोठा आहे, तो टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण विश्वासाला मुदत नसते, व्याप्ती नसते, आणि वाद झाला की दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात.

कायदा इथेही घरमालकाच्या बाजूने आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात ५ नोव्हेंबर १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा मानली. 'गृहबांधणी' हा शब्द कायद्याच्या व्याख्येतच आहे. पैसे घेऊन घर बांधून देणारा ठेकेदार सेवेतल्या त्रुटीला जबाबदार ठरू शकतो. अडतं ते पुराव्यापाशी. काय ठरलं होतं, हेच कुठे लिहिलेलं नसतं.

लिहायचं काय? दोन पानं पुरतात. कामाचा नकाशा आणि मोजमाप. पायाची खोली आणि फुटिंगचा आकार. स्लॅबची जाडी, लोखंडाचा व्यास आणि अंतर. काँक्रीटचं प्रमाण. क्युरिंग कुणी करायचं, किती दिवस. वॉटरप्रूफिंग कशाने. पैसे कोणत्या टप्प्याला किती. आणि शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं: काम पूर्ण झाल्यापासून किती काळात गळती किंवा भेग निघाली तर मिस्त्रीने स्वखर्चाने दुरुस्त करायची. सरकारी बांधकामांच्या निविदेत याला दोषदायित्व कालावधी म्हणतात आणि त्यासाठी ठेकेदाराची काही रक्कम राखून ठेवतात. आपण घरासाठी तेच करावं. मजुरीतली पाच ते दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा उलटेपर्यंत हाती ठेवायची आणि ही गोष्ट सुरुवातीलाच बोलून, लिहून ठरवायची. शेवटी अचानक पैसे अडवले तर तो अन्याय होतो. आधी ठरवलं तर चांगला मिस्त्री त्याला नाही म्हणत नाही.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण हमी दोन्हीकडून असते. क्युरिंगचंच घ्या. उन्हाळ्यात, टँकरच्या पाण्यावर स्लॅब टाकला की चार दिवसांत पाणी मारणं थांबतं. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या-उष्ण हवेत, आजकाल सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान चौदा दिवस ओल मिळायला हवी. पाणी आणायची जबाबदारी मालकाची होती आणि ते आलंच नाही, तर त्या स्लॅबच्या भेगा मिस्त्रीच्या माथी मारता येणार नाहीत. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी गोणी घेऊ नये. गोणीचा फोटो, लोखंडाच्या बिलाची प्रत, स्लॅब टाकण्याआधी बांधलेल्या लोखंडाचे फोटो, एवढं जपलं तर पुढे 'कुणाचं चुकलं' या प्रश्नाला उत्तर मिळतं.

वॉटरप्रूफिंगवाले लेटरहेडवर 'दहा वर्षं गॅरंटी' लिहून देतात. त्या कागदावर तीन गोष्टी बघा: कोणत्या भागाची गॅरंटी, गळालं तर पुन्हा सगळं काम करणार की ठिगळ लावणार, आणि सही करणाऱ्याचा पत्ता. ज्याचं दुकान नाही, नोंदणी नाही, त्याच्या दहा वर्षांचं वजन तो फोन उचलतो तोवरच.

कार्डावरची बारीक अक्षरं

घरातल्या वस्तूंची वॉरंटी कंपनी देते आणि ती छापील असते. तरीही वाद इथेच जास्त होतात, कारण कार्ड वाचलं जातं ते वस्तू बिघडल्यावर.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं कार्ड समोर घ्या. वर ठळक अक्षरांत साठ महिने, खाली बारीक अक्षरांत ३६ + २४. पहिले ३६ महिने बॅटरी निकामी झाली तर बदलून मिळते. पुढचे २४ महिने फुकट काही नाही, नव्या बॅटरीच्या छापील किमतीत सूट मिळते आणि ती महिन्यागणिक घटत जाते. दुकानातल्या चालू भावापेक्षा छापील किंमत जास्त असल्याने शेवटच्या महिन्यांत सूट धरूनही फायदा नावापुरता उरतो. कार्डावर विक्रेत्याचा शिक्का, तारीख आणि बॅटरीवर कोरलेला क्रमांक जुळला पाहिजे. पाणी वेळेवर टाकलं नाही, कवच तडकलं, तर दावा संपला.

बोअरच्या मोटरीवर अनेकदा 'विक्रीपासून बारा महिने किंवा उत्पादनापासून अठरा महिने, यांपैकी जे आधी' अशी अट असते. दुकानात वर्षभर पडून असलेली मोटर घेतली तर वॉरंटीचा अर्धा काळ आपण घेण्याआधीच गेलेला असतो. मोटरीच्या पट्टीवरचा महिना-वर्ष वाचूनच पैसे द्यावेत. कमी-जास्त व्होल्टेजने वाइंडिंग जळालं, बोअर आटून मोटर कोरडी चालली, वाळू खेचली, ही कारणं सहसा वगळलेली असतात. आपल्याकडे मोटर जळते ती मुख्यतः याच कारणांनी. म्हणजे जे नुकसान होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच हमीबाहेर. तिथे कार्डावर भिस्त ठेवण्याऐवजी चांगला स्टार्टर आणि ड्राय-रन संरक्षण यांवर खर्च करणं हाच खरा विमा.

गिझरच्या टाकीची मुदत वेगळी, कॉइलची वेगळी. बोअरच्या क्षारी पाण्याने चढलेला थर काही कंपन्या वगळतात. फ्रिजवर 'दहा वर्षं' लिहिलेलं असतं ते बहुधा फक्त कॉम्प्रेसरपुरतं, गॅस आणि मजुरीचे पैसे वेगळे. बाहेरच्या रंगाची वॉरंटी मिळते ती प्रायमर आणि ठरलेले हात दिले असतील तरच, आणि भिंत मुळात फुटलेली किंवा पायातून ओल चढत असेल तर नाही.

सौर पॅनेलचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावरच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान असल्याने छतोछती पॅनेल चढत आहेत. '२५ वर्षं वॉरंटी' ऐकू येते ती पॅनेलच्या वीजनिर्मितीची: पंचवीस वर्षांनीही क्षमतेच्या साधारण ऐंशी टक्के वीज द्यावी, असं ते वचन असतं. पॅनेल सदोष निघाल्याची हमी वेगळी आणि कमी वर्षांची. इन्व्हर्टरची त्याहून वेगळी. योजनेत संच बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असते, ती अट त्याच्याशी झालेल्या करारात आहे ना, ते पाहून घ्या. आणि पॅनेलचे पाय रोवताना स्लॅबला पाडलेल्या छिद्रांतून पाणी गळलं तर जबाबदार कोण, हे एक वाक्य लिहून घ्या. ते कुठल्याच कार्डावर छापलेलं नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी यात आणखी एक पेच आहे. उचल हातात येते तेव्हा पंखा, फ्रिज, मोटर घेतली जाते आणि दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं. पाच-सहा महिने टोळी कारखान्यावर. वस्तू बंद घरात आणि वॉरंटीचे महिने मात्र चालू. या कुटुंबांनी शक्य असेल तर खरेदी परतल्यावर करावी. आधीच घेतली असेल तर जाण्यापूर्वी वस्तू बसवून, चालवून बघावी, आणि कार्ड-बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

विमा कशाचा मिळतो

विमा म्हणजे दुरुस्तीची हमी नव्हे. अचानक आलेल्या संकटाची भरपाई म्हणजे विमा. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक केलं. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल, वाहन येऊन धडकणं, अशी संकटं तिच्यात मोजली आहेत. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर ठरते, जमिनीच्या किमतीवर नव्हे. इमारतीच्या विम्यासोबत घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. चोरी मात्र अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांत झाली तरच.

बीडकरांना या यादीचं मोल वेगळं सांगायला नको. २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात माणसं आणि संसार वाहून नेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. तो हादरा अंबाजोगाईकरांच्याही लक्षात आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्याच्या गावोगावी पाणी घरात शिरलं. अशा वेळी सरकारी मदत किती असते? आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. त्यासाठीही पंचनामा वेळेत व्हावा लागतो. साडेसहा हजारांत एक भिंत उभी राहत नाही.

पण सुरुवातीच्या त्या भेगेचं काय? पॉलिसीत 'घराखालची जमीन खचणं' हे संकट आहे. ते वाचून दिलासा वाटतो. पुढची ओळ वाचली की कळतं: नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, घर बसणं, भर टाकलेल्या जमिनीची हालचाल, सदोष आराखडा, खराब काम किंवा निकृष्ट साहित्य यांनी झालेलं नुकसान त्यातून वगळलं आहे. काळ्या मातीवरच्या घराची भेग बहुतेक वेळा याच यादीत जाऊन बसते. म्हणून घराच्या कागदांमध्ये विमा हवाच, मात्र तो मिस्त्रीच्या कराराची आणि चांगल्या पायाची जागा घेऊ शकत नाही.

गृहकर्जासोबत बँकेत सही केलेला विमा कोणता, हेही पाहा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. घर पडलं तर त्यातून काही मिळत नाही. दोन्ही विम्यांचा हप्ता एकाच खात्यातून जातो, म्हणून लोक घराचा विमा झाला असं समजतात.

घरकुलाची जबाबदारी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात किमान २५ चौरस मीटरचं घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. सरकार ठेकेदार नेमत नाही. हा नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पैसा थेट खात्यात येतो, घर आपल्या मनाने बांधता येतं. त्याचा दुसरा अर्थ असा की पुढे घर गळलं तर पंचायत समितीकडे हमी मागता येत नाही. हप्ते कामाच्या टप्प्यावर मिळतात, म्हणून घाईत स्लॅब ओढला जातो. इथेही मिस्त्रीशी दोन पानांचा करार हवाच. उलट सगळ्यात कमी पैसे असलेल्या माणसाला त्याची गरज सगळ्यात जास्त. ग्रामसेवकांनी आणि अभियंत्यांनी असा साध्या मराठीतला नमुना करार मंजुरीच्या आदेशासोबतच दिला, तर हजारो घरांचं भलं होईल.

इतर देशांत काय आहे

अमेरिकेत होम वॉरंटी नावाचा धंदा १९७१ पासून चालतो. वर्षाचं शुल्क भरलं की जुन्या घरातली वातानुकूलन यंत्रणा, नळजोडणी, वीजजोडणी, फ्रिज-ओव्हन बिघडल्यावर कंपनी कारागीर पाठवते. प्रत्येक भेटीला वेगळी फी. आधीपासूनचा बिघाड आणि देखभालीतली हयगय तिथेही वगळलेली असते. घराची भिंत आणि पाया त्यात सहसा नसतोच. ब्रिटनमध्ये १९३६ साली स्थापन झालेली एनएचबीसी ही संस्था नव्या घराला दहा वर्षांचं संरक्षण देते: पहिली दोन वर्षं बिल्डर जबाबदार, पुढची आठ वर्षं ठरावीक मोठ्या दोषांसाठी विमा. जपानने २००० सालापासून नव्या घराच्या मुख्य रचनेला आणि पावसाचं पाणी अडवणाऱ्या भागांना दहा वर्षांची सक्तीची हमी लावली आहे.

या तुलनेत आपली पाच वर्षं कमी वाटतील. खरी उणीव वेगळी आहे. ब्रिटन-जपानमध्ये बिल्डर बुडाला तरी ठरावीक मोठ्या दोषांमागे विम्याची रक्कम उभी असते. आपल्याकडे बिल्डर किंवा ठेकेदार गायब झाला तर हुकूम हातात आणि वसुली अधांतरी, असं होऊ शकतं. लहान शहरांत, स्वतः बांधलेल्या घरांसाठी, दोषांचा विमा स्वस्तात मिळावा ही मागणी आता मराठवाड्यातून व्हायला हवी.

दाद मागायची ती अशी

भेग दिसली की पहिलं काम पेन्सिलचं. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, मोजपट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला हेच करा. रेघेच्या पुढे भेग सरकली नाही आणि ती केसाएवढीच राहिली, तर ती प्लॅस्टरची आहे; लांबी भरून रंग लावला की झालं. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली, उन्हाळ्यात रुंदावली आणि पावसाळ्यात मिटली, तर पायाखालची माती हलते आहे. दोन्ही बाजूंनी दिसते, वाढतच जाते, स्लॅबमधलं लोखंड गंजून काँक्रीट सुटतं आहे, तर विलंब न करता संरचना अभियंत्याला दाखवा. त्याचा लेखी अहवाल पुढे सगळ्यात मोठा पुरावा ठरतो.

नंतर लेखी नोटीस: दोष काय, कधी दिसला, किती दिवसांत दुरुस्ती हवी. दुरुस्ती झाली नाही तर रेरा नोंदणीच्या प्रकल्पासाठी महारेराकडे ऑनलाइन तक्रार, बाकी सगळ्यांसाठी ग्राहक आयोग. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. "बघू, करू" म्हणणाऱ्याच्या भरवशावर ती निघून जाऊ देऊ नका. वस्तूंच्या बाबतीत आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथेच मिटवतात. विम्याचा दावा नाकारला तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा आणि तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. बीड जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो.

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं दर वर्षी पावसाळ्याआधी माती टाकून नीट केली जात. स्लॅब आला आणि घराला देखभाल लागत नाही, असा समज पसरला. कुठलीही हमी हा समज मान्य करत नाही. गच्चीचे पाइप साफ करणं, ओल दिसताच कारण शोधणं, टाकी ओसंडू न देणं, हे मालकाचं काम आहे आणि प्रत्येक कागदात ते गृहीत धरलेलं आहे.

दिवाळीनंतर जिल्ह्यात बांधकामांचा हंगाम सुरू होईल. पाया खणायचा असेल तर आधी माती तपासून घ्या. मिस्त्रीला पहिली उचल देण्याआधी दोन पानांचा करार लिहून दोघांनी सह्या करा, साक्षीदार घ्या. घर बांधून झालं असेल तर सुट्टीतला एक तास काढून फाइल उघडा आणि एका कागदावर लिहा: ताब्याची तारीख, प्रत्येक वस्तूची मुदत, विमा संपण्याचा दिवस. घराची हमी जो लिहून घेतो आणि तारखा सांभाळतो, त्यालाच मिळते.